लॅरी ल्युरेक्स ऐकल्याशिवाय फ्रेडी मर्क्युरी पुरता कळत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रेडी मर्क्युरीवर आलेला लेख वाचला. मूळच्या बलसाडकडच्या पारशी घराण्यातला, झांझिबारला जन्मलेला आणि पंचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा पुढे ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडमधून जगाचा गायक झाला, हे मराठी वाचकाला पुन्हा पुन्हा सांगण्यासारखेच आहे. लेखात आपुलकी आहे, त्याबद्दल आभार. मात्र पंचगणीच्या पियानोवरून उठलेला लेख थेट १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यावर जाऊन बसतो. १९६९ ते १९७३ ही वर्षे त्यात जवळजवळ नाहीतच, आणि त्या काळाबद्दल जी दोन विधाने आहेत ती दोन्ही चुकीची आहेत. आम्हाला ही वर्षे सर्वांत महत्त्वाची वाटतात. गवई आवाज लावायला कुठे शिकला हे सहसा ऐकायला मिळत नाही. शिकण्याच्या काळातले गाणे कुणी टिपून ठेवलेले नसते. फ्रेडीच्या बाबतीत ते टिपलेले आहे, प्रकाशित आहे, आणि तरी दुर्लक्षित आहे. त्यातलीच एक तबकडी त्याने लॅरी ल्युरेक्स या टोपणनावाने गायली.

पहिली चूक ‘स्माइल’ या बँडची. स्माइलच्या गाण्यांत फ्रेडीचा कोवळा आवाज ऐकू येतो असे लेखात म्हटले आहे. तो आवाज टिम स्टॅफेलचा आहे. स्माइलमध्ये गिटारवर ब्रायन मे, ड्रम्सवर रॉजर टेलर, आणि गायला व बेस गिटारला स्टॅफेल, असे तिघे होते. फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयात स्टॅफेलबरोबर शिकत होता. तो या बँडचा मित्र आणि चाहता होता, गायक नव्हता. स्माइलने जून १९६९ मध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले आणि त्यातली ‘अर्थ’ व ‘स्टेप ऑन मी’ ही गाणी त्याच वर्षी अमेरिकेत एका छोट्या तबकडीवर निघाली. ती काढणाऱ्या कंपनीचे नाव मर्क्युरी रेकॉर्ड्स. लेबलवर ‘मर्क्युरी’ पाहून घोटाळा होत असावा, पण फारुख बुलसाराने ते आडनाव घेतले ते १९७० च्या सुमारास, क्वीन उभी राहताना. स्माइलचे ‘डूइंग ऑल राइट’ हे स्टॅफेल आणि मे यांचे गाणे पुढे क्वीनच्या पहिल्या अल्बममध्ये फ्रेडीने गायले. दोन्ही प्रकाशित आहेत. ती लागोपाठ ऐकली की कुणाचा आवाज कुठला याबद्दल शंका राहत नाही.

फ्रेडीचा स्वतःचा आवाज ज्या जुन्यात जुन्या प्रकाशित मुद्रणात आहे ते ९ सप्टेंबर १९६९ चे. लिव्हरपूलच्या ‘आयबेक्स’ या बँडबरोबर तो काही आठवडेच गात होता. तिथल्या ‘सिंक’ नावाच्या तळघरातल्या क्लबातला कार्यक्रम एका मित्राने ग्रुंडिगच्या घरगुती स्पूल टेपरेकॉर्डरवर धरला. त्यातले ‘रेन’ हे बीटल्सचे गाणे २००० साली फ्रेडीच्या एकल गाण्यांच्या मोठ्या संचात आले. ‘रेकेज’ या नावाने तोच बँड सराव करत असतानाचे ‘ग्रीन’ नावाचे छोटे घरगुती मुद्रणही त्याच संचात आहे. ‘रेन’ ऐकताना ध्वनीच्या दर्जाने निराश होऊ नये. लहान तळघर, घरगुती मायक्रोफोन, आणि त्याच्या अंगावर येणारे ड्रम्स व गिटार. अशा ठिकाणी गायकाचा आवाज मागे पडतो आणि मोठ्या ठोक्यांवर फीत फाटल्यासारखी वाजते. म्हणून स्पीकरचा आवाज वाढवत बसण्यापेक्षा इक्वलायझरमध्ये (आवाजाचे खालचे-वरचे भाग कमी-जास्त करण्याच्या सोयीत) १५० हर्ट्झच्या खालचा भाग ६ डेसिबलने उतरवावा आणि २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल चढवावे. शब्द पुढे येतात. मग ऐकू येतो तो तेवीस वर्षांचा गायक, जो वाद्यांच्या वर जाण्यासाठी आवाज ढकलतो आहे. वरच्या सुरावर तो पोहोचतो, पण तिथे थांबत नाही. कंप आहे, पण तो अजून त्याच्या हुकमात नाही.

याच मुद्रणाच्या अनधिकृत प्रती इंटरनेटवर वेगवेगळ्या पट्टीत फिरतात, आणि त्यावरून ‘त्याचा आवाज तेव्हा किती उंच होता’ अशा चर्चा रंगतात. फीत ३ टक्के जास्त वेगाने चालली तर सूर सुमारे पाव स्वर चढतो. जवळपास ६ टक्क्यांना पूर्ण अर्धा स्वर. कोणती प्रत बरोबर हे बीटल्सच्या मूळ ‘रेन’शी ताडून ठरवू नये, कारण १९६६ च्या त्या मुद्रणात वाद्ये जलद वाजवून नंतर फीत संथ केलेली आहे, तिथली पट्टी मुळातच हललेली आहे. भरवशाचा मापक वेगळा आहे. इंग्लंडची वीज ५० हर्ट्झची. ॲम्प्लिफायरची गुणगुण फितीवर उतरलेली असते. गाण्यांमधल्या शांत जागेचा फ्रिक्वेन्सी-आलेख ऑडॅसिटीसारख्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये काढावा, नमुन्याचा आकार मोठ्यात मोठा ठेवावा आणि ५० किंवा १०० च्या जवळचे टोक शोधावे. ते १०० ऐवजी १०३ वर असेल तर प्रत ३ टक्के जलद आहे. इथे एक फसगत होते: आपलीही वीज ५० हर्ट्झचीच, त्यामुळे प्रत करणाऱ्याच्या यंत्राची गुणगुणही त्याच जागी दिसते. दोन टोके जवळजवळ दिसली तर अगदी ५० किंवा १०० वरचे टोक नंतरच्या यंत्राचे असते आणि सरकलेले टोक मूळ फितीचे. एकच टोक असेल आणि ते नेमके ५० वर असेल, तर त्यावरून काहीही ठरवू नये.

डिसेंबर १९७१ पर्यंत चित्र पालटते. जॉन डीकन बेस गिटारवर येऊन क्वीन चौघांची झाली होती. वेम्बलीला डी लेन ली स्टुडिओची नवी इमारत तयार होत होती आणि यंत्रे तपासून घ्यायला त्यांना मोठ्या आवाजात वाजवणारा बँड हवा होता. मोबदल्यात क्वीनला फुकट ध्वनिमुद्रण मिळाले. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’, ‘द नाइट कम्स डाउन’, ‘ग्रेट किंग रॅट’, ‘जीझस’ आणि ‘लायर’ ही पाच गाणी तिथे झाली. २०११ च्या पुनर्प्रकाशनात ती पाचही अधिकृतपणे आली. यातले ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ अकूस्टिक गिटारने सुरू होते आणि ब्रायन मे यांना अल्बममधल्या रूपापेक्षा हेच अधिक प्रिय आहे. आमचेही मत तेच. अल्बमसाठी त्या गाण्याची मिश्रणे (मिक्सिंग) पुन्हा पुन्हा केली गेली आणि शेवटी ध्वनितंत्रज्ञ माइक स्टोनचे मिश्रण पसंत पडले. त्या घासण्यात थोडा जीव गेला. ‘द नाइट कम्स डाउन’ तर त्यांनी डी लेन लीमधलेच अल्बममध्ये ठेवले. पहिला अल्बम ऐकणारा प्रत्येक जण नकळत हा एक डेमो, म्हणजे नमुन्याचे मुद्रण, ऐकून बसलेला आहे.

या पाच गाण्यांत फ्रेडी ढकलत नाही. कारण आता भोवती आणखी दोन आवाज आहेत. क्वीनची पद्धत अशी की मे, टेलर आणि फ्रेडी या तिघांनी सुरावटीतली प्रत्येक ओळ एकत्र गायची, मग दुसरी ओळ, मग तिसरी, आणि या थरांवर थर चढवायचे. तिघांचे पोत वेगळे असल्याने ऐकणाऱ्याला मोठा समूह गातो आहे असे वाटते. गायकाच्या दृष्टीने यातून एक सोय होते: भरणा समूह करतो, मुख्य आवाजाने फक्त धार धरायची. ही पद्धत कानाने पकडायची असेल तर पहिल्या अल्बममधले ‘माय फेअरी किंग’ घ्यावे. ऑडॅसिटीत डावा-उजवा ट्रॅक वेगळा करावा, दोनपैकी एक उलटा करावा, आणि दोन्ही मिसळून मोनो करावे. मधोमध असलेला मुख्य आवाज, बेस आणि ड्रम्सचा मोठा ठोका बराच उतरतो. कडेला पसरलेले थर आणि प्रतिध्वनी उरतात. फाइल मात्र सीडीवरून घेतलेली, न आकसलेली हवी. कमी बिटरेटच्या एमपी३ मध्ये डाव्या-उजव्यातला फरकच आधी छाटलेला असतो, त्यामुळे उरलेला आवाज पाण्यातून आल्यासारखा बुडबुडतो.

आता लेखातली दुसरी चूक, आणि आमच्या पत्राचे खरे कारण. फ्रेडीचा आवाज विकत मिळणाऱ्या तबकडीवर पहिल्यांदा आला तो क्वीनच्या ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’वर, असे लेख म्हणतो. तसे नाही. ती तबकडी ६ जुलै १९७३ ला निघाली. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, जूनच्या अखेरीस, त्याच ईएमआय कंपनीने २०३० या क्रमांकाची एक मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी काढली होती. गायकाचे नाव लॅरी ल्युरेक्स. एका बाजूला ‘आय कॅन हिअर म्युझिक’, दुसऱ्या बाजूला ‘गोइंग बॅक’. हा लॅरी ल्युरेक्स म्हणजे फ्रेडी. नाव त्या काळी गाजत असलेल्या गॅरी ग्लिटर या गायकाच्या नावाची नक्कल होती. तबकडी चालली नाही, आणि १३ जुलैला क्वीनचा अल्बम आल्यावर ती मागेच पडली.

ही गाणी ट्रायडेंटमध्ये झाली. सोहोतल्या त्या स्टुडिओत क्वीनला पहिल्या अल्बमसाठी वेळ मिळायचा तो इतरांनी न घेतलेला, बहुधा रात्रीचा. तिथेच रॉबिन जेफ्री केबल हा ध्वनितंत्रज्ञ आणि निर्माता, अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टरच्या ‘वॉल ऑफ साउंड’ची रचना पुन्हा उभी करता येते का हे पाहत होता. स्पेक्टरची रीत अशी होती की एकाच खोलीत अनेक गिटार, अनेक पियानो, एकाहून जास्त बेस आणि भरपूर तालवाद्ये बसवायची, सर्वांना जवळजवळ तेच वाजवायला लावायचे, तो सगळा आवाज प्रतिध्वनीच्या खोलीत फिरवायचा आणि मोनोत उतरवायचा. वाद्ये वेगळी ओळखू येत नाहीत, एक सलग भिंत ऐकू येते. केबलने गाणीही त्याच परंपरेतली निवडली. ‘आय कॅन हिअर म्युझिक’ हे जेफ बॅरी, एली ग्रिनिच आणि स्पेक्टर यांचे. रॉनेट्सनी १९६६ मध्ये आणि बीच बॉइजनी १९६९ मध्ये गायलेले. ‘गोइंग बॅक’ हे जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग यांचे, डस्टी स्प्रिंगफील्डने १९६६ मध्ये लोकप्रिय केलेले. शेजारच्या खोलीत काम करणाऱ्या फ्रेडीला केबलने गायला बोलावले, फ्रेडीने टेलरला तालवाद्यांसाठी आणि मे यांना गिटारसाठी ओढून आणले. ‘आय कॅन हिअर म्युझिक’च्या मधल्या एकल तुकड्यात आधी सिंथेसायझर होता, तो काढून तिथे मे यांची गिटार घातली गेली. क्वीनच्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर ‘कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही’ अशी ओळ छापलेली आहे. तो बाणा या बाजूच्या कामातही दिसतो.

ऐकताना क्रम महत्त्वाचा. आधी रॉनेट्सचे, मग बीच बॉइजचे, मग लॅरी ल्युरेक्सचे. रॉनेट्समध्ये आवाज भिंतीच्या आत आहे. बीच बॉइजमध्ये आवाजांचीच भिंत आहे. फ्रेडीला यातले काहीच उपलब्ध नाही: गाणे त्याचे नाही, रचना त्याची नाही, क्वीनच्या आवाजांचे थरही इथे गाणे पेलायला पुढे आलेले नाहीत. दुसऱ्याने बांधलेल्या दाट प्रतिध्वनीवर त्याला एकट्याला उभे राहायचे आहे. तो आवाज हलका ठेवतो, व्यंजने स्पष्ट टाकतो, कारण इतक्या प्रतिध्वनीत जड स्वर लावला तर शब्द विरघळतात. लिव्हरपूलच्या तळघरात जोर लावणारा हाच गायक तीन-चार वर्षांत हे शिकला. ‘गोइंग बॅक’ तर आम्हाला त्याहून मोलाचे वाटते. चाल संथ आहे, लपायला जागा नाही. ओळीच्या शेवटी श्वास संपत आला तरी तो सूर खाली पडू देत नाही. आवाज बारीक करतो आणि कंप शेवटच्या क्षणाला लावतो. पुढे ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मध्ये ज्या गुणासाठी त्याला वाखाणतात त्याची ही पहिली नोंद आहे. ज्यांना क्वीनचा दणदणाट सोसत नाही अशा, नाट्यगीत-भावगीतावर वाढलेल्या वाचकांनी फ्रेडीची सुरुवात या गाण्याने करावी अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

फेब्रुवारी १९७३ चे क्वीनचे बीबीसी सत्रही विसरू नये. ५ तारखेला ते मुद्रित झाले आणि १५ ला प्रसारित झाले, अल्बम निघण्याच्या पाच महिने आधी. चार गाणी आहेत आणि बीबीसी मुद्रणांच्या अधिकृत संचांत ती मिळतात. ‘मॅड द स्वाइन’ हे पहिल्या अल्बममधून वगळलेले गाणे १९९१ पर्यंत बाहेर आले नाही. २०२४ च्या नव्या संचात ते मूळ क्रमात परत बसवले आहे.

हे सर्व सीडीवर किंवा अधिकृत स्ट्रीमिंगवर ऐकणे उत्तम. तरीही आपल्याकडचे संग्राहक लॅरी ल्युरेक्सची मूळ तबकडी शोधतात आणि फसतात, म्हणून थोडे त्याविषयी. या तबकडीच्या नकला बाजारात आहेत. विक्रेत्याकडून लेबलच्या फोटोबरोबर शेवटच्या गुळगुळीत कड्याचा, म्हणजे लेबल आणि शेवटच्या खाचेमधल्या पट्ट्याचा, तिरप्या उजेडातला फोटो मागवावा. तिथे कोरलेला किंवा ठोकलेला मॅट्रिक्स क्रमांक (साच्याची खूण) असतो. तो नोंद झालेल्या अस्सल प्रतींशी अक्षरागणिक जुळला पाहिजे, नुसता आकडा जुळून भागत नाही. नक्कल अनेकदा दुसऱ्या तबकडीवरून केलेली असते, त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या तबकडीतही गाणे सुरू होण्याआधीपासून पुसट टिकटिक ऐकू येते. लेबलवरची बारीक अक्षरे भिंगाखाली धरावीत. फोटोवरून छापलेल्या लेबलची कड फुगलेली आणि करडी दिसते.

अमेरिकेत हीच गाणी अँथम या लेबलवर निघाली. तिकडच्या ४५ च्या तबकडीचे भोक ३८ मिमीचे असते, मधे ॲडॅप्टर लागतो. तो सैल असून तबकडी १ मिमी जरी सरकली तरी सूर प्रत्येक फेरीला सुमारे दीड टक्का वर आणि तितकाच खाली झुलतो. ‘गोइंग बॅक’सारख्या लांब सुरांच्या गाण्याचे त्यात वाटोळे होते आणि दोष गायकाला लागतो. ॲडॅप्टर घट्ट बसत नसेल तर कडेने कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. तिकडचा जुना प्लेअर मात्र आणू नये: ६० हर्ट्झवर फिरणारी त्याची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने संथ फिरते आणि गाणे तीन अर्ध्या स्वरांहून जास्त उतरते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, फ्रिक्वेन्सी बदलत नाही.

घरोघरी माळ्यावर असलेले एचएमव्हीचे फिएस्टा किंवा कॅलिप्सो हे प्लेअर प्रेमाने जपावेत, पण त्यांवर दुर्मिळ तबकडी लावू नये. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजची (पिन धरणाऱ्या भागाची) पिन तबकडीवर ५ ग्रॅमच्या आसपास भार टाकते. आजच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला २ ग्रॅमच्या आसपास पुरतो. पिन झिजलेली असेल तर दोन वाजवण्यांतच वरचे सूर खरडले जातात, ते परत येत नाहीत. धुण्यासाठी अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन थेंब. मायक्रोफायबर कापड खाचांच्या दिशेने फिरवावे, लेबल कोरडे ठेवावे, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून उभी वाळवावी. बोअरचे पाणी वापरले की क्षार खाचांत बसतात आणि कायमची किरकिर होते. हेच मिश्रण ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना चुकूनही लावू नये. अल्कोहोलने लाख विरघळते. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणलेल्या गठ्ठ्यात दोन्ही प्रकार एकत्र निघतात, म्हणून हे ठळक सांगतो.

शेवटचा मुद्दा पंचगणीचा. १९५८ च्या सुमारास शाळेतल्या पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. फ्रेडी त्यात पियानो वाजवायचा, मुख्य गायक दुसरा होता. या बँडचे एकही मुद्रण आजवर प्रकाशित झालेले नाही. तरी त्या काळात महाबळेश्वर-पंचगणीच्या, आणि आपल्या देवळालीच्याही, निवासी शाळांत शिकलेल्या मंडळींच्या घरी स्नेहसंमेलनांच्या स्पूल फिती असू शकतात. त्यांवर हेक्टिक्स असो वा नसो, त्या वाचल्या पाहिजेत. एक कसोटी लगेच लावता येते. कॅसेट फिलिप्सने आणली ती १९६३ मध्ये, आणि त्याच वर्षी फ्रेडी भारत सोडून झांझिबारला परतला. त्यामुळे पंचगणीतले ‘मूळ मुद्रण’ म्हणून कुणी कॅसेट दाखवली तर ती फार तर प्रत असेल.

अशी फीत सापडली तर पहिल्यांदा ती वाजवायची नाही. डबा उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फीत ॲसिटेटची आहे आणि कुजायला लागली आहे. ती बाकीच्या फितींपासून लगेच वेगळी ठेवावी, कारण ती वाफ शेजारच्या फितींनाही बिघडवते. वास नसेल तर स्पूल बाजूने उजेडासमोर धरावे. फितीच्या गुंडाळीतून उजेड झिरपला तर ॲसिटेट, अपारदर्शक दिसली तर बहुधा पॉलिएस्टर. ॲसिटेट ताणली की कट्कन तुटते, पण ती नीट जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी लांबते आणि तेवढे गाणे कायमचे जाते. ओव्हनमध्ये फीत भाजण्याचा उपाय इंटरनेटवर वाचून कुणी करू नये. तो १९७० नंतरच्या, मागे लेप असलेल्या चिकट फितींसाठी आहे. ॲसिटेट त्यात नासते.

नाशिकच्या पावसाळ्यात बुरशी धरते, ती कडेला पांढऱ्या भुकटीसारखी दिसते. ओल्या कपड्याने पुसू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या फितीला न टेकता ठेवाव्यात, आत छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर आली की थांबावे. त्याहून कोरडे केल्यास ॲसिटेट ठिसूळ होते. मग मास्क लावून मऊ ब्रशने भुकटी झाडावी. हे काम डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत करणे सर्वांत सोयीचे. गोदेच्या पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागले की घाटाजवळच्या घरांतून सामान हलवतात, तेव्हा फितींचा खोका कागदपत्रांबरोबर वर जावा. भिजलीच तर फ्रीजरमध्ये ठेवू नये. स्वच्छ थंड डिस्टिल्ड पाण्यात गाळ धुऊन सावलीत, वाऱ्यावर वाळवावी.

वाजवायची ती पाव इंची फितीच्या, नीट चालणाऱ्या यंत्रावरच. हेड (फीत वाचणारा भाग) ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसावे आणि चुंबकत्व काढून घ्यावे. त्याचे उपकरण हेडपासून हातभर लांब असतानाच चालू-बंद करावे, जवळ बंद केले तर हेड उलट अधिक चुंबकित होते. जुने सांधे सुटतात. ते ४५ अंशांत कापून स्प्लायसिंग टेपने जोडावेत, साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरून वेढे एकमेकांना चिकटतात. घरगुती फिती बहुतेक सेकंदाला पावणेचार इंच या वेगाच्या असतात. ५ इंची स्पूलवरची ६०० फूट फीत त्या वेगाने ३२ मिनिटे चालते. गाण्याखाली उलटे बोलणे ऐकू आले तर फितीचे आणि यंत्राच्या हेडचे ट्रॅक (समांतर ध्वनिपट्टे) जुळत नाहीत; बहुधा फीत चार ट्रॅकची असते आणि हेड दोन ट्रॅकचे, किंवा उलट. हेडचा कोन स्क्रूने अगदी थोडा थोडा फिरवून वरचे सूर सर्वांत स्वच्छ येतील तिथे आणावा. पन्नास-साठच्या दशकातली निम्मी ‘खराब’ मुद्रणे एवढ्यानेच उजळतात.

उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. आवाजाचे टोक उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. स्टिरिओत मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते, म्हणजे ३२ मिनिटांच्या बाजूला ११०० एमबी. मूळ फाइलवर खरखर काढण्याचा कोणताही प्रयोग करू नये. तो वेगळ्या प्रतीवर करावा, कारण खरखरीबरोबर झांजेचा आवाज आणि गायकाचा श्वासही निघून जातो. तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी, आणि कुटुंबाची हरकत नसेल तर एक सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थेकडे. फाइलबरोबर साध्या मजकुराची नोंद हवी: खोक्यावर काय लिहिले होते ते जसेच्या तसे, फितीचा वेग, किती ट्रॅक, कोणत्या यंत्रावर वाजवली, कोणत्या तारखेला उतरवली, आवाज कुणाकुणाचे ओळखले आणि ते कुणी ओळखले. ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना फाइल ऐकवण्याचे काम यंत्राच्या दुरुस्तीसाठी थांबवू नये. मोबाइलवर उतरवलेली कच्ची प्रतही त्यासाठी पुरते.

लेखातल्या दोन्ही चुकांची दुरुस्ती आपण छापाल आणि ‘गोइंग बॅक’चा उल्लेख त्यात कराल, ही विनंती.

आपले,
जुन्या तबकड्या व फिती जपणारे काही वाचक,
गंगापूर रोड व पंचवटी, नाशिक